न भरणाऱ्या जखमांसाठी एक ग्रंथालय संघ

बैठकीला मी उशिरा पोहोचलो यात माझा काही दोष नव्हता, फेरीबोटीचा होता. पण मी दार उघडून आत पाऊल टाकेपर्यंत माझी अध्यक्षपदी निवड होऊन गेली होती. गैरहजर माणसाला अध्यक्ष करणं फार सोपं असतं. नको म्हणू शकणारा एकटाच माणूस, आणि तो त्या वेळी समुद्रावर असतो.

बैठक मुळात मीच बोलावली होती, तीही योरुनमुळे. योरुन आमच्या लिंगवेर बेटावरच्या परिचारिका महाविद्यालयात शिकवते. म्हाताऱ्या माणसांच्या पायांवरच्या न भरणाऱ्या जखमा हा तिचा विषय. त्यात ती डॉक्टरेट करत होती, आणि ती वेळेत झाली नाही तर परिचारिकांचा अभ्यासक्रम शहरात हलवू, असं मंत्रालयानं कळवलं होतं. अभ्यासक्रम गेला की विद्यार्थिनी जाणार, विद्यार्थिनी गेल्या की बेटावरची एकुलती एक बेकरी जाणार, आणि बेकरीच्या खाली कुठंतरी मीही जाणार होतो, कारण मी त्या महाविद्यालयाचा ग्रंथपाल.

योरुनला फक्त एक नियतकालिक हवं होतं. जखमांवरचं, आणि ते फक्त इंटरनेटवर निघणारं. मी प्रकाशकांना लिहिलं, हे एक द्या. उत्तर आलं की एक देत नाही, गठ्ठा घ्यावा लागतो. गठ्ठ्यात वाळवंटातलं ठिबक सिंचन होतं, आंब्यावरची कीड होती, उंटांचे दंतरोग होते. आमच्या बेटावर उंट नाहीत असं मी कळवलं. त्यावर, पुढंमागं आलेच तर माहिती हाताशी असेल, अशा अर्थाचं अत्यंत नम्र उत्तर आलं.

एवढा गठ्ठा एकट्यानं घेण्याची आमची ऐपत नव्हती. म्हणून मी म्हटलं, आसपासच्या संस्थांनी मिळून घेऊ, वाटून वापरू. आमच्या बेटाला पुलानं जोडलेल्या नेस गावात शेतकी महाविद्यालय आहे, तिथली ग्रंथपाल बोर्गहिल्ड. आणि समोरच्या स्टूरहोल्मेन बेटावर मत्स्य महाविद्यालय आहे, तिथला ग्रंथपाल हालगाइर. बोर्गहिल्ड अघळपघळ, हसरी, हातानं सतत काहीतरी विणणारी. हालगाइर उंच, कोरडा, रविवारी चर्चमध्ये धर्मग्रंथ वाचून दाखवणारा. नियम मोडला गेला की त्याला शारीरिक त्रास होतो. आम्ही तिघं तिशीपासून एकमेकांना ओळखत होतो आणि आमचं छान चाललं होतं, कारण आम्ही कधी काहीच मिळून केलेलं नव्हतं.

संघाचं नाव काय ठेवायचं यात पहिला हिवाळा गेला. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर. बोधचिन्हात गाय हवी असं बोर्गहिल्डचं म्हणणं, मासा हवा असं हालगाइरचं. शेवटी बोर्गहिल्डच्या मावसभावानं दोघांचं समाधान होईल असं चित्र काढून दिलं. ते पुढून गाय होतं आणि मागून मासा. प्रकाशकांच्या वकिलांनी विचारलं, आपण पशुवैद्यकीय औषधं बनवता का. मी नाही म्हणून कळवलं. दोन वर्षांत त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात ज्याचं मला ठामपणे उत्तर देता आलं असा तो एकच प्रश्न.

नावाचा तिढा अखेर असा सुटला: अध्यक्ष लिंगवेरचा होताच, नावात पहिलं नेस, आणि कार्यालयाचा पत्ता स्टूरहोल्मेनचा. पत्त्यानं काय फरक पडतो, असं मी त्या दिवशी म्हणालो होतो. हे वाक्य इतिवृत्तात आहे. हालगाइर इतिवृत्तात सगळं लिहितो.

मग नोंदणी. सरकारी महाविद्यालयं मिळून कंपनी काढू शकत नाहीत, संस्था काढू शकतात. आणि आमच्या जिल्ह्यात संस्थांची नोंदणी करणाऱ्या बाईंच्या संगणकात मोजकेच प्रकार होते. धर्मादाय आम्ही नव्हतो, गायनवृंद नव्हतो. अनेक सभासदांनी मिळून एकाच साधनाचा वापर करणं हे ज्यात बसतं असा प्रकार त्यांना एकच सापडला: क्रीडा. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, नंतर बदलता येतं. नंतर बदलता आलं नाही. आम्हाला जिल्हा स्कीइंग स्पर्धेचं आमंत्रण आलं, आणि संघाचा कोणताही सभासद उत्तेजक द्रव्य घेत नाही अशा हमीवर मला सही करावी लागली. हालगाइरनं त्याआधी बोर्गहिल्डला रीतसर विचारून घेतलं. ती म्हणाली, कॉफी धरली तर मी बाद आहे.

घरी माझी बायको तूरी हे सगळं ऐकून घ्यायची. ती दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे तोंड उघडं असलेल्या माणसाकडं शांतपणे बघत राहायची तिला सवय आहे. एकदाच ती म्हणाली, "दवाखान्यात मला विचारतात, नवरा हल्ली काय करतो. मी म्हणते, वाचनालयं जोडतो. तर म्हणतात, मग तोडली कुणी?"

खरा ताप शेजारच्या एलेफचा होता. एलेफ हा निवृत्त कप्तान. आयुष्यभर त्यानं आमची फेरीबोट चालवली, आणि निवृत्तीनंतर तो कुंपणाशी उभा राहतो. त्याचा सल्ला एकच: "ईमेलनं पाठव की." मी त्याला समजावलं की हे लेख आपण विकत घेतलेले नसतात, आपल्याला ते बघायची फक्त परवानगी मिळते, तीही अटींवर.

"म्हणजे मासा घ्यायचा नाही, नुसता बघायचा?"

"हो."

"आणि बघायचे पैसे द्यायचे?"

"हो."

"आणि दुसऱ्याला दाखवायचा नाही?"

मी हो म्हणालो. एलेफनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि बायकोला सांगायला आत गेला. मला त्याच्या खिडकीतून दोघांचे चेहरे दिसले. महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या माणसाकडं इतक्या करुणेनं कुणी पाहू नये.

प्रकाशकांकडून आमच्याशी बोलायची ती फेम्के नावाची एक गोड मुलगी. पडद्यावर ती नेहमी हसतमुख, मागं ट्यूलिपची कुंडी. एके दिवशी तिनं तितक्याच गोडपणे सांगितलं की वकिलांना एक बारीकशी शंका आहे. करारात एका संघाला एकच जागा मिळते. आणि ज्या जागांमध्ये नाव, होडी किंवा तत्सम जलयानाशिवाय ये-जा होत नाही, त्या वकिलांच्या मते वेगवेगळ्या जागा. नेस ठीक आहे, तिथं पूल आहे. पण स्टूरहोल्मेन?

मला एकदम आठवलं की आमच्या बेटापासून स्टूरहोल्मेनपर्यंत वाळूचा एक दांडा आहे आणि मोठ्या ओहोटीला तो उघडा पडतो. माझे आजोबा त्यावरून मेंढ्या नेत. मी फेम्केला म्हणालो, पायी जाता येतं, मी छायाचित्र पाठवतो. हे बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

मोठ्या ओहोटीच्या दिवशी मी कॅमेरा आणि तिपाई घेऊन निघालो. छायाचित्र वकिलांकडं जाणार म्हणून अंगात चांगला काळा कोट. एलेफ कुंपणाशी होताच. तो म्हणाला, तासाभरात परत फीर. मी म्हणालो, मला पंधरा मिनिटं पुरे. दांड्याच्या मधोमध तिपाई रोवली. दोन्ही बेटं दिसायला हवीत आणि मध्ये कोरड्या पायांनी उभा असलेला ग्रंथपालही दिसायला हवा. पहिल्या छायाचित्रात माझं डोकं कापलं गेलं. दुसऱ्यात डोळे मिटले. तिसऱ्या वेळी एक समुद्रपक्षी कॅमेऱ्यावर येऊन बसला आणि मी हुसकावलं तरी हलेना. सातव्या का आठव्या खेपेला छायाचित्र अप्रतिम आलं. मी ते बघत असतानाच बूट आतून गार लागले.

पुढचं मला फारसं सांगवत नाही. जवळ एक खडक होता, जेवणाच्या टेबलाएवढा. मी त्यावर चढलो, तिपाई मिठीत घेतली, आणि पाणी चारही बाजूंनी येऊ दिलं, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. कॅमेरा मात्र त्या गडबडीत पाण्यात गेला. थोड्या वेळानं एलेफची छोटी बोट दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. बोट जवळ आल्यावर तो भांड्यातून पुन्हा वर आला, कारण एलेफसोबत त्याची भाची होती आणि ती आमच्या स्थानिक वर्तमानपत्रात काम करते.

शनिवारी पहिल्या पानावर मी होतो. मथळा होता, ‘नियतकालिकाच्या शोधात ग्रंथपाल समुद्रात’. बेकरीत दोन दिवस कुणी दुसरं बोललं नाही. सोमवारी फेम्केनं कळवलं की बातमी त्यांच्यापर्यंतही पोहोचली, माझी तब्येत कशी आहे, आणि वकिलांनी त्यातलं छायाचित्र पाहिलं. पाणी अगदी स्पष्ट दिसतंय.

निकाल लागला. संघाला एकच जागा, आणि ती म्हणजे नोंदणीकृत पत्त्याची. म्हणजे स्टूरहोल्मेन. जखमांवरचं नियतकालिक आता तिथं अष्टौप्रहर उघडं होतं, जिथल्या विद्यार्थ्यांना जखम म्हणजे माशाच्या गळाचा ओरखडा. बाकीच्या सभासदांना लेख मिळू शकत होते, पण एका कलमाप्रमाणे: लेख आधी कागदावर छापायचा आणि तो कागद प्रत्यक्ष पाठवायचा. संगणकावरून पाठवणं म्हणजे कराराचा भंग.

अशा रीतीनं उभ्या युरोपात माणसं बोटाच्या टोकानं लेख उघडत असताना आमचे इलेक्ट्रॉनिक लेख फेरीबोटीनं येऊ लागले. हालगाइर ते छापायचा, मत्स्य महाविद्यालयाच्या जाड पाकिटात घालून गोंदानं चिकटवायचा आणि धक्क्यावर नेऊन द्यायचा. पाकिटाला कॉड माशाचा वास यायचा. योरुननं कधी कुरकुर केली नाही. माझ्या विषयातल्या वासांपुढं हा काहीच नाही, असं ती म्हणायची. पण एकदा मी पाकीट द्यायला गेलो तेव्हा ती खिडकीशी बसून नुसती बाहेर बघत होती. म्हणाली, रात्री झोप लागत नाही. तीन घरांमधल्या तीन म्हाताऱ्या तिनं आठ वर्षं पट्ट्या बदलत सांभाळल्या होत्या, त्यातली एक त्या महिन्यात गेली होती, आणि जखम शेवटपर्यंत भरली नव्हती. "मला निदान ते का, एवढं नीट लिहून ठेवायचंय, आइविन," ती म्हणाली. त्या वेळी मला माझ्या संघाची, बोधचिन्हाची, खडकाची, सगळ्याची लाज वाटली.

फेब्रुवारीत परीक्षकांचं उत्तर आलं. प्रबंध चांगला आहे, फक्त अलीकडच्या चार लेखांचा विचार त्यात हवा. तो करून शुक्रवारपर्यंत द्या. लेख अर्थात त्याच नियतकालिकातले. मी हालगाइरला कळवलं, त्यानं छापले, पाकीट चिकटवलं. आणि मंगळवारी वादळ आलं.

बुधवारी फेरीबोट रद्द. गुरुवारी रद्द. मी एलेफकडं गेलो. त्यानं खिडकीतून समुद्राकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, खडकावरून आणलं तेव्हा हवा चांगली होती. एवढं बोलून त्यानं पडदा लावला. मी महाविद्यालयात परत आलो. योरुन माझ्या टेबलाशी कोट न काढता बसली होती. मी हालगाइरला फोन लावला.

"ते चार लेख मेल कर," मी म्हणालो.

"करता येणार नाही. कलम आहे."

"कलम मला पाठ आहे, हालगाइर. एकदाच. कुणाला कळणार नाही."

"अध्यक्षच असं बोलायला लागले तर सभासदांनी कुणाकडं बघायचं?"

मी त्याला खूप काही बोललो. संघ गेला खड्ड्यात असं बोललो, गायीचं शेपूट असंही काहीसं बोललो. त्याच्याकडच्या खिडक्या वाऱ्यानं थडथडताना मला ऐकू येत होत्या. मग तो म्हणाला, "योरुन आहे का तिथं? तिला फोन दे."

"कशाला?"

"मी वाचतो. ती लिहून घेईल. वाचून दाखवू नये असं करारात कुठंही म्हटलेलं नाही. मी बघितलंय."

आणि तो वाचू लागला. चर्चमध्ये वाचतो त्याच आवाजात, सावकाश, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबून. लेखाचं नाव, लेखकांची नावं, त्यांच्या विद्यापीठांचे पत्ते. तक्ते आले की म्हणायचा, रकाना पहिला, वरून खाली. तळटीप आली की तळटीप असं सांगून आवाज खाली आणायचा. योरुन भराभर टाइप करत होती, मी आवाज मोठा करून फोन तिच्या कानाशी धरून उभा होतो. हात भरून आला की हात बदलत होतो. अध्यक्ष म्हणून मी केलेलं एवढं एकच काम उपयोगी पडलं असावं.

एक गोष्ट सांगायची राहिली. हालगाइरला रक्त सोसत नाही. मत्स्य महाविद्यालयात असूनही घरी मासा कापायला तो बायकोला सांगतो. दुसऱ्या लेखात जखमेतल्या स्रावाचं वर्णन सुरू झालं तसा त्याचा आवाज बारीक होत गेला आणि मध्येच बंद पडला. नुसता वारा ऐकू येऊ लागला.

"हालगाइर," योरुन फोनमध्ये म्हणाली, "खाली बस. डोकं गुडघ्यांत घाल. श्वास घे. अजून एक."

आम्ही वाट पाहत राहिलो. बाहेर बेकरीची पाटी सुटून रस्त्यावरून गडगडत गेली. मग पलीकडं खाकरल्याचा आवाज आला.

"पुढं," हालगाइर म्हणाला. "स्रावाचा रंग."

चारही लेख त्यानं त्या दिवशी आणि शुक्रवारी सकाळी वाचले. दुपारी योरुननं प्रबंध पाठवला. वादळ शनिवारी ओसरलं. सोमवारी फेम्केचा निरोप आला की वरिष्ठांनी आमची अडचण लक्षात घेऊन सदिच्छा म्हणून तिन्ही ठिकाणी नियतकालिक खुलं केलं आहे, आस्वाद घ्या. योरुननं ते चार लेख उघडून आपल्या टिपणांशी ताडून पाहिले. हालगाइरनं एकच वाक्य गाळलं होतं. ते वासाबद्दल होतं.

योरुन डॉक्टर झाली. अभ्यासक्रम बेटावर राहिला, बेकरीही राहिली. तूरीनं केक केला, एलेफ सहकुटुंब आला आणि त्यानं योरुनला विचारलं की शेवटी ईमेलनंच पाठवलं ना. ती नाही म्हणाली. त्यानं विषय बदलला. मला वाटलं, माझे भोग इथं संपले.

उन्हाळ्यात मंत्रालयाचा निर्णय आला की छोट्या संस्था एकत्र करायच्या. लिंगवेर, नेस आणि स्टूरहोल्मेन मिळून आता एकच महाविद्यालय. फेम्केनं हळहळत कळवलं की संघाला किमान दोन सभासद लागतात. एकाच संस्थेनं स्वतःशी वाटून घेणं करारात बसत नाही, तेव्हा करार रद्द. आता नव्या संस्थेनं नव्यानं अर्ज करावा. नियतकालिक त्याच दुपारी बंद झालं. क्रीडासंस्था मात्र बंद करता आली नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभेला निदान दहा खेळाडू हजर लागतात.

एक महाविद्यालय म्हणजे एक ग्रंथालय, आणि एक ग्रंथालय म्हणजे एक ग्रंथपाल. आम्ही तिघांनी अर्ज केले. मुलाखत शहरात होती. बाहेरच्या बाकावर आम्ही ओळीनं बसलो होतो. तिघांच्याही अंगात ठेवणीतले कपडे, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. बोर्गहिल्डचं विणकाम पहिल्यांदाच पिशवीत होतं. तिचा नवरा वर्षभर आजारी आहे हे मला त्या बाकावर कळलं. हालगाइरच्या मुलीला तिसरं मूल होणार हेही. दोन वर्षं दर पंधरवड्याला भेटून आम्ही फक्त कलमांबद्दल बोललो होतो. हालगाइरनं खिशातून कागदात गुंडाळलेली लेफ्स काढली, लोणी-साखर लावलेली मऊ पोळी, आणि तिचे हातानं तीन भाग केले. एक लहान आला, तो त्यानं स्वतः घेतला.

मग आम्हाला तिघांनाही एकदम आत बोलावलं. पांढरे बूट घातलेला एक तरुण अधिकारी होता, फार आदरानं बोलला. म्हणाला, तिघांचीही सेवा इतकी जुनी की कुणालाच काढता येत नाही, आणि पद तर एकच. पण साधनं वाटून घेण्याचा तुमचा अनुभव साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नाही. तेव्हा पद तिघांत वाटून द्यायचं ठरलंय. एका वेळी एकच जण कामावर. वेळापत्रक आपसांत ठरवा.

परतीच्या बोटीत आम्ही वरच्या डेकवर बसलो. नेसचे दिवे दिसू लागल्यावर बोर्गहिल्डनं विणकाम काढलं. मला आता वेळापत्रकाचे दोन हिवाळे दिसू लागले: कुणाचा दिवस आधी, कुणाचा नंतर. हालगाइरनं वही उघडली, वर तारीख घातली आणि विचारलं, "सोमवार कुणाला हवा?"

नव्या संस्थेची साप्ताहिक बैठक सोमवारी असते. बोर्गहिल्ड समुद्राकडं बघू लागली. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. हालगाइरनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग, कुणाशी वाद न घालता, कसलंही कलम न काढता, वहीत लिहिलं: सोमवारी ग्रंथालय बंद.